'करार होणार नाही' : शिरोळच्या पाटीवरचं भाष्य

पाठ

१. खोली भाड्याने देणे आहे.
२. फक्त फॅमिली किंवा शिकणाऱ्या मुली.
३. शाकाहारी असावे.
४. पाणी भरपूर. पुराचे पाणी येत नाही.
५. भाडे पाच तारखेच्या आत.
६. आधार कार्डाची झेरॉक्स द्यावी.
७. करार होणार नाही.

हा पाठ कुठल्या एका फाटकावरचा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड या गावांत कंपाउंडच्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर, झेरॉक्सच्या दुकानांच्या काचांवर अशा पाट्या दिसतात. त्यांतल्या नेहमीच्या ओळी मी एकाखाली एक मांडल्या आहेत. सातवी ओळ पाटीवर सहसा नसते. ती जिन्यात, चहा संपता संपता सांगतात. तरी ती पाठातच धरायला हवी, कारण तिच्याशिवाय आधीच्या सहा ओळींचा अर्थ लागत नाही.

मला या पाटीला एकच प्रश्न विचारायचा आहे. एखाद्याचं घरभाडं सरकार द्यायला तयार असेल, तर त्याला जागा मिळणं सोपं होतं की अवघड? आपल्याला घरकुल माहीत आहे, घर बांधायचं अनुदान माहीत आहे. भाड्याला सरकारी पैसा हे ऐकायलाच चमत्कारिक वाटतं. पण शिरोळ तालुक्यात असा पैसा दोन वाटांनी येतो. पुरात घर पडलं की येतो, आणि पोरगं शिकायला बाहेर राहिलं पण सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, की येतो. दोन्ही वाटा फिरून याच पाटीखाली येतात.

१. खोली भाड्याने देणे आहे.

'देणे आहे' हाच पाठ ग्राह्य. 'देणेत येईल' हा पाठभेद कचेरीतला, आता फारसा दिसत नाही. वाक्याला कर्ता नाही हे लक्षात घ्यावं. देणारा कोण ते पाटी सांगत नाही. घेणाऱ्याला मात्र पुढच्या ओळींत आपण कोण, काय खातो, कुठून आलो, सगळं सांगावं लागतं.

'खोली' हा शब्द अचूक आहे. इथं भाड्याची जागा म्हणजे धंदा म्हणून उभी केलेली इमारत क्वचित. थोरल्याच्या लग्नासाठी वर दोन खोल्या काढल्या, थोरला नोकरीला पुण्याला गेला, खोल्या पडून राहिल्या. जिना बाहेरून, पाण्याची टाकी एकच, चपला एकाच पायरीशी. मालक खालीच राहतो. त्यामुळे 'जागा नाही' याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की हा माणूस आमच्या जिन्यानं वर जायला नको.

असा नकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यापासून भाड्याची सरकारी चिठ्ठी देतात. आज सुमारे २३ लाख कुटुंबं तिच्यावर राहतात. भाडेकरू आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतो, बाकीची रक्कम सरकारी गृहसंस्था थेट घरमालकाला देते आणि त्याआधी घर तपासून जाते. म्हणजे निम्म्याहून जास्त भाडं बुडण्याची भीतीच नाही. तरी मालक नाही म्हणतात. २०१८ मध्ये अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेनं पाच ठिकाणी मालकांना फोन लावून पाहिले. चिठ्ठी नको म्हणणारे फोर्ट वर्थमध्ये शंभरात ७८, लॉस एंजेलिसमध्ये ७६, फिलाडेल्फियात ६७, नेवार्कमध्ये ३१ आणि वॉशिंग्टनमध्ये १५ निघाले. शेवटच्या दोन शहरांत चिठ्ठी पाहून नाकारायला कायद्यानं बंदी होती. बंदी फिलाडेल्फियातही होती, पण तिथं ती कुणी मनावर घेतलेली दिसत नाही.

आपल्याकडे २०१७ च्या सुमाराला केंद्रात अशा भाडे-कुपनांचा विचार झाला होता. कुपन भाडेकरूला, त्यानं ते मालकाला द्यायचं, मालकानं नागरी सुविधा केंद्रात वटवायचं. ते कुपन काही वाटपापर्यंत पोचलं नाही. २०२० मध्ये कोविडच्या काळात आली ती परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना, म्हणजे पुन्हा इमारतच. त्यामुळे आपल्याकडे जो काही पैसा येतो तो भाडेकरूच्या बँक खात्यात. सरकार आणि घरमालक यांची गाठच पडत नाही. वरवर पाहता हे बरंच म्हणायचं, कारण पैसा कुठून आला हे मालकाला कळायचं कारणच नाही. मग अडतं कुठं, ते पुढच्या ओळींत.

२. फक्त फॅमिली किंवा शिकणाऱ्या मुली.

'फॅमिली' म्हणजे कुटुंब, हा शब्दकोशातला अर्थ. 'फॅमिली माहेरी गेलीया' असं कुणी म्हणाला तर बायको गेलेली असते, पोरं नव्हे. पाटीतही तोच अर्थ. घरात बाई हवी. बाई असली की खोली झाडलेली राहते आणि रात्री दहानंतर जिन्यावर पावलं वाजत नाहीत, असा समज. शिकणाऱ्या मुली याच हिशेबात बसतात. शिकणारे मुलगे बसत नाहीत, त्यांची सोय बसस्टँडकडच्या अंगाला.

३. शाकाहारी असावे.

या ओळीवर घाईनं टीका करू नये. शिरोळ तालुक्यात दिगंबर जैन शेतकऱ्यांची वस्ती मोठी आहे. ज्या घरात कांदा, बटाटा, गाजर स्वयंपाकघरात येत नाही आणि दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्या घरानं वरच्या मजल्यावर सुकट भाजू नये म्हटलं तर तो त्यांचा धर्म आहे. लिंगायत घरांतही शाकाहारच. तिथं ही ओळ जे म्हणते तेच तिच्या मनात असतं.

पण हीच ओळ ज्या घरात रविवारी पातेलंभर तांबडा रस्सा शिजतो त्याही घरावर दिसते. तिथं तिचा वाच्यार्थ घेता येत नाही. मालक स्वतः खातो आणि भाडेकरूनं खाऊ नये म्हणतो, तेव्हा बोलणं मटणाचं नसून खाणाऱ्याचं असतं. 'तुमच्यातलं नको' हे पाटीवर लिहिता येत नाही, म्हणून जेवणावर घालायचं.

आपल्या भागात याची एक गंमत आहे. 'मी पाटील' असं सांगून भागत नाही. पाटील मराठा असतो, जैन असतो, लिंगायत असतो. म्हणून लगेच पुढचा प्रश्न येतो, 'कुठले पाटील?' आणि गाव सांगितलं की मालक मनात उत्तर जुळवतो. 'मी कांबळे' म्हटल्यावर पुढचा प्रश्न येत नाही. तो न येणं हेच उत्तर. खोली कालच गेलेली असते.

इंग्लंडमध्ये भाड्याच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं 'नो डीएसएस' असं छापत. डीएसएस म्हणजे सामाजिक सुरक्षा खातं. सरकारी भत्त्यावर राहणारे नकोत, असा त्याचा सरळ अर्थ. ते खातं २००१ मध्येच बंद होऊन त्याचं काम दुसऱ्या खात्याकडे गेलं, पण पाटी राहिली. खातं मेलं आणि नकार जगला. जुलै २०२० मध्ये यॉर्कच्या न्यायालयानं असा सरसकट नकार बेकायदेशीर ठरवला, कारण भत्त्यावर राहणाऱ्यांत बायका आणि अपंग जास्त, तेव्हा भत्ता नाकारणं म्हणजे त्यांनाच नाकारणं. आपली तिसरी ओळ कुठल्या न्यायालयात अशी उभी करता येणार नाही. ती फार सज्जन दिसते.

४. पाणी भरपूर. पुराचे पाणी येत नाही.

पुण्या-मुंबईच्या पाटीवर पहिलं वाक्य असतं. दुसरं असायला गाव शिरोळसारखंच लागतं.

कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, चारही नद्यांचं पाणी या एका तालुक्याच्या वाट्याला येतं. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाणी चढतं, देवळात शिरतं, पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्यात न्हायला माणसं लांबून येतात. त्याच पाण्यापायी पलीकडच्या गावांत माणसं जनावरं सोडवत असतात. २००५, २०१९, २०२१ ही तीन सालं इथं जन्मसालासारखी सांगतात. कुणाच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघ अजून दिसते. तिच्यावर रंग मारला तरी चुना सुटून ती पुन्हा वर येते.

पाटबंधाऱ्यांच्या नकाशावर निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सोळा वर्षांत तीन पूर पाहिलेल्या माणसाला ही वर्षं सांगायला जाऊ नये. त्याचा नकाशा वेगळा आहे : शाळेची तिसरी पायरी, मारुतीच्या देवळाचा ओटा, अमक्याच्या गोठ्याचं दार. 'पुराचे पाणी येत नाही' हे वाक्य त्याच नकाशावरून लिहिलेलं असतं. जयसिंगपूर उंचवट्यावर. शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं आखून वसवलेलं ते गाव, सरळ रस्त्यांचं, नंबरच्या गल्ल्यांचं. पूर आला की नदीकाठची माणसं तिकडं सरकतात.

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनं ज्यांची घरं पूर्ण पडली त्यांना घरभाड्यासाठी रक्कम जाहीर केली : ग्रामीण भागात २४,००० रुपये, शहरी भागात ३६,०००. नवीन घराचे पैसे वेगळे. आपल्या मुलखात सरकारनं सामान्य माणसाला भाड्यानं राहा म्हणून पैसे दिल्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. बारा महिन्यांत वाटले तर महिना दोन हजार आणि तीन हजार. रक्कम अगदीच थट्टेची नव्हती.

पण तिच्यातला 'पूर्ण' हा शब्द पाहावा. मातीच्या भिंतीचं घर पाण्यात उभं राहतं, पाणी ओसरल्यावर वाळताना फुगतं, तडकतं, आणि दहा-पंधरा दिवसांनी एका रात्री बसतं. पंचनामा त्याआधी झाला तर कागदावर 'अंशतः'. अंशतः पडलेल्या घराला भाडं नाही, आणि राहण्याचं धाडस तर कुणीच करत नाही. त्या घरातली माणसं मग पाहुण्यांकडे.

इथं भाष्यकाराला थांबायला हवं, कारण या पाटीला न दिसणारा एक मोठा व्यवहार इथं होतो. २०१९ च्या त्या दिवसांत पूर नसलेल्या गावांतल्या घरांनी पुरातली घरंच्या घरं सामावून घेतली. मेव्हणा, साडू, मुलीचं सासर, नुसत्या ओळखीचा गाडीवाला. कुणी शाकाहाराचं विचारलं नाही, कुणी आधार कार्ड मागितलं नाही, डिपॉझिट तर नाहीच. म्हशीसुद्धा आल्या. महिनाभर माणसं राहिली. अशा पाहुणचारात राहिलेल्यांनी सरकारनं दिलेलं घरभाडं वाळू-सिमेंटला लावलं असेल तर त्यात नवल नाही. मालक पाहुण्याला घेतो, भाडेकरूला घेत नाही. त्याच्या दृष्टीनं पाहुणा परत जातो, भाडेकरू जाईलच असं नाही. सातव्या ओळीचं बीज इथं आहे.

५. भाडे पाच तारखेच्या आत.

पाच तारीख ही पगारदाराची तारीख. उसाचं बिल, पुराचं अनुदान, शिक्षणाचा भत्ता, यांतलं काहीच पाच तारखेला येत नाही.

आकडे पाहू. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्याला जेवण, निवास आणि निर्वाह यांसाठी वर्षाला रक्कम मिळते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ६०,००० रुपये, त्यांत निवासाचे २०,०००. त्याखालच्या गटातल्या महापालिकांच्या शहरांत ५१,०००, त्यांत निवासाचे १५,०००. त्याखालच्या दरात ४३,०००, निवासाचे १२,०००. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त मुलांच्या सावित्रीबाई फुले आधार योजनेत तालुक्याच्या ठिकाणी ३८,०००, त्यांत निवासाचे १०,०००. दहा हजारांना बारांनी भागलं की ८३३ रुपये ३३ पैसे. शिरोळमध्ये एवढ्यात खोली मिळत नाही, खोलीतली कॉट मिळते. दोघी-तिघींनी मिळून खोली घेतली तरच हिशेब जमतो, आणि दुसऱ्या ओळीतल्या 'मुली' या अनेकवचनाचं हे एक कारण.

रक्कम हप्त्यांनी येते. हप्ता परीक्षेच्या आधी आला तर चांगला, नंतर आला तर घरच्यांनी उसनवारी केलेली असते. मालकाचं भाडं तोवर थांबत नाही. याचा अर्थ मालकाला सरकारी पैशावर विश्वास ठेवायची पाळीच येत नाही. त्याला भाडं पोरीच्या बापाकडून मिळतं, आणि सरकार मागाहून बापाची भरपाई करतं. झाली तर.

६. आधार कार्डाची झेरॉक्स द्यावी.

कार्डावर नाव, बापाचं नाव, गाव, पिन कोड. चार इंच कागदावर तिसऱ्या ओळीतल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं.

१९१७ मध्ये डॉ. आंबेडकर बडोद्याला गेले ते संस्थानचे नोकर म्हणून. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेले, करारानुसार नोकरीला हजर होणारे. पाठीशी एक अख्खं राज्य. राहायला जागा नाही. एका पारशी सरायीत दिवसाला दीड रुपया देऊन उतरले, तेही नोंदवहीत पारशी नाव घालून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढलं. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, दोघाही ओळखीच्यांनी सबब सांगितली. मुंबईची गाडी रात्रीची, तोवरचा वेळ त्यांनी बागेत बसून काढला. त्यांनी ही हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवली आहे. भाडं देणारं राज्य असलं म्हणून खोली मिळतेच असं नाही, हे आपल्या वाङ्मयात इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठं आलेलं मी वाचलेलं नाही. त्या वहीवर दुसरं नाव घालता आलं. झेरॉक्सवर येत नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी या अडचणीवर निराळा तोडगा काढला होता. घरमालकांची मनधरणी करत बसायचं नाही, मुलांसाठी बोर्डिंगच काढायचं. १९०१ मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणखीही कितीतरी. त्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : जातवार बोर्डिंगांनी जात घट्ट केली. असेल. पण खोली नसलेल्या पोराला तो आक्षेप सुचला नसता.

आजचे भत्ते हे त्या बोर्डिंगांचंच रोख रूप आहे. वसतिगृहात जागा नाही, घ्या पैसे, शोधा बाहेर. आणि तेही जातवारच राहिले. अनुसूचित जातींना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम, इतर मागासांना आधार. फरक असा की बोर्डिंगमध्ये मुलगा आपल्या माणसांत असे. भत्ता घेऊन तो एकटा परक्या जिन्यासमोर उभा राहतो, आणि 'कुठल्या योजनेचं मिळतंय?' एवढं विचारलं की त्याचं आडनाव न विचारताच कळतं. अमेरिकेत चिठ्ठी पाहिली की मालक माणसाचा रंग ताडतो म्हणतात. आपल्याकडे ताडायलाही लागत नाही, योजनेच्या नावातच छापलेलं असतं.

७. करार होणार नाही.

पाठभेद : 'कागद-बिगद काय करायचा नाही.' 'अकरा महिन्यांचं तोंडी.' 'आपल्यात कशाला कागद?' शेवटचा पाठ सर्वांत गोड आणि सर्वांत अवघड.

शंका : भत्ता मुलीच्या खात्यात येतो, मालकाला काही करायचं नाही, मग करार असला काय नसला काय? समाधान : अर्जाला भाड्यानं राहत असल्याचा कागद जोडावा लागतो. मालकाची सही नसेल तर सरकारला मुलगी भाड्यानं राहतेच हे मान्य नाही. सरकार आणि मालक यांची गाठ कुठंच पडत नाही म्हटलं होतं, ती या एका सहीत पडते.

आणि मालक सगळं देतो, सही देत नाही. कितीतरी जणांनी खोली दिली, पोरीला दूध घातलं, तापात डॉक्टरकडे नेलं, पण सहीला नाही म्हणाले. याला नुसता अडमुठेपणा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. त्यामागे जुनी आठवण आहे, आणि ती खरी आहे.

शिरोळच्या माणसाच्या तोंडी एक शब्द असतो : 'कूळ लागंल.' शब्द शेतीतला. १९४८ चा कूळकायदा, मग १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ तिचं मालक मानलं गेलं. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात आलं होतं, त्यामुळे हा कायदा इथंही आला. कुणाच्या घरात त्या दिवशी दिवाळी झाली, कुणाच्या घरात चूल पेटली नाही. ज्यांची गेली त्यांनी धडा एकच घेतला : दुसऱ्याचं नाव कागदावर लागू द्यायचं नाही. सातबाऱ्याला असो की भाडेपावतीला.

खोलीच्या बाबतीतही ही भीती हवेतली नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधलं. त्यातून सुटायला मालकांनी 'भाडेकरू' हा शब्द टाकून 'लायसन्सी' हा शब्द आणला. तो भाडेकरू नाही, परवानगीनं राहणारा आहे, म्हणून कायदा लागू नाही. मग १९७३ ची दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ ला ज्याचा लायसन्सचा करार चालू होता तो भाडेकरू मानला जाईल. बारकाईनं पाहा : ज्याच्याजवळ कागद होता तो वाचला, मालक अडकला. कागद नसलेल्याला हा आसरा सिद्ध करणंच अवघड होतं. मालकांनी यातून काय शिकावं अशी अपेक्षा होती? ते तेच शिकले.

पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि कागदाची धार उलट्या बाजूला गेली. जिथं हा कायदा लागू आहे तिथं कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरायचं, शिवाय दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपली की जागा सोडायची. न सोडल्यास दुप्पट दरानं भरपाई, आणि मालकाला त्यासाठी वर्षानुवर्षं दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत, सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं. म्हणजे आज कागद मालकाचा कैवारी आहे. तोंडी ठेवणारा मालकच उघड्यावर.

हे मी समजावून सांगितलेलं आहे, एकदा नव्हे. ऐकणारा मान डोलावतो. नोंदणीची फी ग्रामीण भागात ५००, वर पाव टक्का मुद्रांक, हेही सांगून झालं. मग तो म्हणतो, 'कायदा बदलतोय ओ. परत बदलला म्हंजे?' यावर माझ्याजवळ उत्तर नाही. १९७३ मध्येही कुणीतरी मान डोलावली असेल.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर शेजारच्या काकूंनी मला बोलावलं. त्यांच्या वरच्या खोलीतली मुलगी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर फाईल मांडीवर घेऊन बसली होती. काकू भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मी मराठीचा मास्तर, अक्षर बरं, म्हणून.

'काकू, एवढी एक सही द्या की. ऑफिसात लागतंय.'

'सही कशाची गं?'

'मी तुमच्याकडं भाड्यानं राहतो म्हणून.'

'आणि पैसं कुणाच्या खात्यावर येणार?'

'माझ्या.'

'मग माझी सही कशाला?'

मुलगी माझ्याकडे पाहायला लागली. मी कलम ५५ पासून सुरुवात केली. काकूंनी शेंगा फोडता फोडता सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, 'आमच्या मामंजींनी असाच एक कागद केलता. दोन एकर गेली.' फाईल उघडीच होती, योजनेचं नाव वरच्याच कागदावर मोठ्या टायपात होतं. काकूंनी तिकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काही बिघडलं नसतं असं मला वाटतं. मुलगी दोन वर्षं तिथं होती, काकूंच्या देवघरात तिचा वावर होता. अडचण तिच्या नावाची नव्हतीच.

शेवटी काकूच म्हणाल्या, 'लिवा सर, मी सांगतो तसं.' मी फुलस्केप घेतला. सदर मुलगी माझ्या घरी राहण्यास आहे. दोन वर्षांपासून आहे. वागणूक चांगली आहे. घरच्यासारखी आहे. काकूंनी चष्मा लावला, एकेक अक्षर कोरत खाली सही केली, तारीख घातली, हातचं न राखता गावासकट पूर्ण नाव लिहिलं.

मुलीनं कागद दोनदा वाचला.

'काकू, यात भाड्यानं एवढं एक घाला की.'

'ते तेवढं सोडून काय पण घालतो,' काकू म्हणाल्या, आणि पेन माझ्या हातात दिलं.